फायबर कुजत नाही, म्हणून काय?

होडीचे अंग कशाचे करावे, या प्रश्नाला कोकणातल्या बहुतेक बंदरांत आज एकच उत्तर मिळते: फायबर. कारणेही पाठ झालेली असतात. फायबर कुजत नाही, त्याला किडा लागत नाही, ते हलके आणि मजबूत असते, देखभाल मागत नाही, आणि लाकडाचे दिवस तसेही संपले. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडे तथ्य आहे. पण ती सगळी जोडून ‘म्हणून प्रत्येक होडी फायबरचीच’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. चूक मुळात पारख करण्याच्या रीतीत आहे. सामग्री निवडताना तिच्या गुणांची यादी केली जाते; खाऱ्या पाण्यात तर प्रत्येक सामग्री आज ना उद्या बिघडतेच. ती कशी बिघडते, बिघाड वेळेत नजरेस पडतो का, आणि पडल्यावर त्याच किनाऱ्यावरचा कारागीर आपल्या हत्यारांनी तो निस्तरू शकतो का, यावर नाखव्याचा पैसा आणि खलाशांचा जीव अवलंबून असतो. या कसोटीवर फायबर काही होड्यांसाठी सर्वांत योग्य ठरते, तर काहींसाठी उघड धोक्याचे.

‘कुजत नाही’ हा सर्वांत लोकप्रिय मुद्दा. फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे रेझिन, बहुधा पॉलिएस्टर. काच कुजत नाही हे खरे. पॉलिएस्टर मात्र पाणी शोषते, अगदी सावकाश. बाहेरचा चकचकीत जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो पाणी अडवतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो फक्त उशीर करतो. आत शिरलेले पाणी रेझिनमधल्या सुट्या राहिलेल्या रसायनांत मिसळते, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेते, आतला दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड उठतात. असा फोड टोचला की व्हिनेगरसारख्या आंबूस वासाचे चिकट पाणी बाहेर येते. आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर जातीचे रेझिन वापरले तर हा रोग बराच लांबतो, स्वस्त ऑर्थोफ्थॅलिक रेझिनमध्ये लवकर गाठतो. विकणारा मात्र ‘फायबर’ एवढेच सांगतो, आणि रेझिन कोणते हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.

खरी गंमत आणखी आत दडलेली असते. पुष्कळ फायबरच्या होड्यांत बरगड्यांच्या जागी, इंजिनाच्या बैठकीखाली आणि आउटबोर्ड मशीन टांगण्याच्या मागच्या फळीत लाकूड किंवा प्लायवूड घालून त्यावर फायबर चढवलेले असते. बोल्टसाठी भोक पाडले आणि त्याच्या कडा रेझिनने नीट बंद केल्या नाहीत, की पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर यायला वाट उरत नाही. वर चकाकी तशीच. आत लाकडाचा भुसा. मशीनचा जोर बसला की मागची फळी हलायला लागते, तेव्हा कुठे कळते. कधी कुजत नाही अशी ख्याती असलेली होडी अशी लाकूड कुजूनच निकामी होते, आणि तेही कोणाला न दिसता.

लाकडाच्या कुजण्याबद्दल जे बोलले जाते तेही अर्धवट आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. सतत खाऱ्या पाण्यात बुडालेली फळी बुरशीने सहसा कुजत नाही. कुज वरून येते, डेकच्या सांध्यांतून, केबिनच्या पायाशी, जिथे पावसाचे गोडे पाणी मुरते तिथून. पावसाळ्यात होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची चाल यामुळेच पडली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती माशांच्या विणीसाठी. पण ज्याची होडी लाकडाची, त्याला ती विश्रांती होडीच्या प्रकृतीसाठीही हवीच असते.

लाकडाचा खरा वैरी पाण्याखाली असतो. लोक ज्याला किडा म्हणतात तो टेरेडो खरे तर तिसऱ्या-कालवांच्या जातकुळीतला मृदुकाय जीव. डोक्याकडच्या दोन इवल्या शिंपल्यांनी तो लाकूड कोरत आत जातो. शिरताना तो टाचणीच्या टोकाएवढा असतो, म्हणून बाहेरून भोक दिसत नाही. आत वाढत वाढत तो बोटाएवढी पोकळी करतो. लाकडाचा हा बिघाडही लपून राहणारा आहे, आणि लाकडाचे कैवारी तो नेमका सांगायचा विसरतात. फरक इतकाच की यावरचा उपाय किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. होडी वर काढून चांगली वाळवली की तो मरतो. तळाला पूर्वी चुना आणि तेलाचा लेप देत, आता तांब्याचा अंश असलेला रंग लावतात. सुतार हातोडीने फळी वाजवत जातो. पोकळ फळी आवाजावरून कळते आणि तेवढीच काढून बदलता येते.

तांब्यावरून आठवते ती ब्रिटिश आरमाराची फजिती. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला टेरेडोपासून रक्षण म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. नौका वेस्ट इंडीजहून परतल्यावर पाहिले तर लाकूड उत्तम, पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना चिकटले की त्यांच्यात विजेचा प्रवाह सुरू होतो आणि हलक्या प्रतीचा धातू झिजतो. जिथे पत्रा गुंडाळून आलेला कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये चुकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. कोकणातल्या जुन्या होड्या पाहिल्या तरी हेच आढळते. फळी आणखी वर्षे काढू शकेल अशी असते, पण गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ झालेले असते आणि खिळा हाताने ओढला तरी निघतो. होडी ‘लाकूड गेले’ म्हणून मोडीत निघते. गेलेला असतो तो खिळा. जाड जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरण्याचा खर्च होडीच्या एकूण किमतीत किरकोळ, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

लाकडाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे लाडके उदाहरण म्हणजे ‘ट्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ मध्ये मलबारी सागात बांधलेली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. अभिमान रास्त आहे, पुरावा म्हणून मात्र ती फारशी कामाची नाही. १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचल्यावर सुमारे पंचवीस वर्षे ती राखीव म्हणून नुसती बांधून ठेवली होती, आणि अलीकडच्या काळात तिच्यावर मोठे जीर्णोद्धाराचे काम झाले. रोज जाळी ओढणाऱ्या, बर्फाचे पाणी पोटात साठवणाऱ्या मच्छीमार नौकेशी तिची तुलना करणे म्हणजे फायबरवाल्यांच्याच चालीने चालणे.

आता ‘हलके आणि मजबूत’ हा मुद्दा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ताण देऊन तुटेपर्यंत किती जोर लागतो ते एक, आणि जोर दिल्यावर किती वाकते ते दुसरे. पहिल्यात फायबर चांगले, दुसऱ्यात सुमार. कापलेल्या काचतंतूंच्या चटया हाताने थापून केलेल्या साध्या फायबरचा ताठपणा सागाच्या तंतूंच्या दिशेतल्या ताठपणापेक्षाही कमी भरतो, आणि वजन मात्र सागाच्या दुपटीहून अधिक. एक चौरस मीटर पृष्ठभागासाठी सुमारे १६ किलो वजन खर्च करायचे ठरवले, तर सागाची २५ मिलिमीटर जाडीची फळी मिळते, फायबरचा साडेदहा मिलिमीटरचा थर, अॅल्युमिनियमचा ६ मिलिमीटरचा पत्रा आणि पोलादाचा अवघा २ मिलिमीटरचा. पत्रा वाकण्याला जो विरोध करतो तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. हिशेब केला तर त्याच वजनात सागाची फळी फायबरपेक्षा वीसपटीहून अधिक ताठ ठरते. अर्थात ही फळीच्या लांबीची गोष्ट. तंतूंच्या आडव्या दिशेत लाकूड फार दुबळे असते आणि म्हणूनच त्याला जवळजवळ बरगड्या लागतात. तरीही ‘फायबर हलके’ हे म्हणणे जसेच्या तसे खरे नाही. फायबरची होडी हलकी होते ती अंग पातळ ठेवल्यामुळे, आणि पातळ अंग लाटेवर आत-बाहेर होते. पोटात डिझेल इंजिन धडधडत असले की बरगडी आणि अंग यांच्या सांध्यावर केसासारख्या चिरा पडू लागतात. याला उपाय आहेत: जवळजवळ बरगड्या, विणलेल्या तंतूंचे थर, दोन थरांमध्ये फोम किंवा हलके लाकूड. ते सगळे करणारी होडी स्वस्त राहत नाही, आणि बाजारात तुलना होते ती मात्र स्वस्त होडीच्या किमतीशी.

सगळ्यांत गंभीर आक्षेप कारागिरीच्या पारखीचा आहे. लाकडी होडी बांधली जात असताना नाखवा रोज येऊन बघतो. फळीत गाठ आहे का, सालीजवळचे पांढरे लाकूड घुसडले आहे का, सांध्यात कापूस ठासून भरला आहे की वरवर, हे त्याला दिसते; न दिसले तर तांडेल दाखवतो. फायबरची होडी साच्यातून बाहेर येते ती गुळगुळीत, आणि आत काय भरले आहे याचा बाहेरच्या चकाकीशी काहीही संबंध नसतो. साडेचारशे ग्रॅमच्या चटईचा एक थर भिजून साधारण एक मिलिमीटर होतो. आठ थर सांगून सहा घातले तरी वरची चकाकी तीच. दमट हवेत चटईने ओल धरली असेल, हार्डनरचे प्रमाण अंदाजाने टाकले असेल, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले नसतील, तर ते सगळे रंगाखाली गाडले जाते. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून नव्या होडीचे काम तेव्हाच उरकायचे, असा हिशेब केला जातो. फायबर थापण्यासाठी वर्षातला तोच सर्वांत वाईट काळ. तपासण्याच्या युक्त्या नाहीत असे नाही. आतून रंग न दिलेला भाग मागावा. कोरड्या राहिलेल्या चटईचे पांढरट डाग तिथे दिसतात. नाण्याने टकटक करत जावे. थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. पाइपासाठी अंगातून कापून काढलेली चकती जपून ठेवावी, वजन करावी, जाळावी आणि उरलेल्या काचेचे पुन्हा वजन करावे. चटईच्या कामात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा काच असली पाहिजे. बरीच कमी भरली तर नाखव्याने पैसे रेझिनला मोजले, काचेला नाही. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. पण फायबर घेताना हा प्रश्न विचारायचा असतो, हेच कोणी सांगत नाही.

किमतीचा मुद्दा साच्यावर येऊन थांबतो. साचा महाग असतो. त्यातून पन्नास होड्या निघाल्या तर प्रत्येकीवर त्याचा भार नगण्य. म्हणूनच एका मापाच्या, एका घाटाच्या छोट्या होड्या फायबरमध्ये स्वस्त पडतात. खाडीच्या तोंडाची वाळूची पट्टी, जाळ्याची जात, भरतीचे पाणी यांनुसार घाट बदलायचा असेल तर साचा आडवा येतो, आणि मग साच्यासाठी होडी जुळवून घेतली जाते. आयुष्य संपल्यावरचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. जुन्या लाकडी होडीचे लाकूड पुन्हा वापरात येते, पोलाद भंगारात किलोवर विकले जाते, अॅल्युमिनियमला तर चांगला भाव मिळतो. फायबरच्या मोडक्या अंगाला गिऱ्हाईक नाही. ते वितळत नाही, आणि उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो.

‘लाकूड म्हणजे जंगलतोड’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. मराठी वाचकाला त्याचे उत्तर तीनशे वर्षे जुने मिळेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट नियम आहेत: रानातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे, आणि आंबा-फणस आरमाराच्या कामाचे असले तरी रयतेने लेकरासारखी वाढवलेली ती झाडे धन्याच्या राजीखुशीशिवाय आणि मोबदल्याशिवाय तोडू नयेत. प्रश्न लाकूड वापरण्याचा नव्हता, ते कुठून आणि कसे घ्यायचे याचा होता, आणि आजही तोच आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या झाडाचे हलक्या प्रतीचे लाकूड रसायनांत मुरवून, वर फायबरचे कवच देऊन छोट्या होड्या बांधून दाखवल्या आहेत. हेही मान्य करायला हवे की लाकडाविरुद्धचा खरा मुद्दा जंगलाचा नसून मापाचा आहे. लांब, सरळ, पिकलेल्या सागाच्या फळ्या आणि बरगड्यांसाठी उपजतच बाक असलेली बाभळीसारखी लाकडे आता सहज मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. हे कारण प्रामाणिक आहे. फायबरच्या समर्थकांनी एवढेच सांगितले असते तर वाद घालायचे कारण उरले नसते.

फायबर आणि लाकूड यांच्या भांडणात पोलाद विसरले जाते, आणि मोठ्या नौकांसाठी तेच सर्वांत सरळ उत्तर आहे. पोलाद गंजते, पण गंज दिसतो. खाऱ्या पाण्यात उघडे पडलेले पोलाद सरासरी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने झिजते, खड्डे पडून मात्र फार वेगाने. उरलेली जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने काही मिनिटांत मोजता येते. धडक बसली तर पत्रा बहुधा चेपतो, फुटत नाही. वेल्डर तर प्रत्येक बंदरात आहे. अडचण वजनाची. वेल्डिंग नीट व्हावे आणि झिजेसाठी काही हातचे राहावे म्हणून पत्रा चार मिलिमीटरच्या खाली नेता येत नाही, आणि चार मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ३१ किलो. दहा मीटरच्या होडीला ते झेपत नाही, वीस मीटरच्या नौकेला जाणवतही नाही. वर उल्लेख केलेल्या संस्थेच्याच आराखड्याने बांधलेली ‘सागर हरिता’ ही २०१६ ची मच्छीमार नौका याच रीतीची आहे: अंग पोलादाचे, आणि वजन कमी राहावे म्हणून वरची केबिन फायबरची.

अॅल्युमिनियम या सगळ्यांत देखणे. ५०८३ जातीचा पत्रा रंगाशिवायही खाऱ्या पाण्यात टिकतो. पण तळाला चुकून तांब्याचा रंग लावला, किंवा पोटात तांब्याच्या तारेचा तुकडा पडून राहिला, तर ‘अलार्म’च्या खिळ्यांची गोष्ट पुन्हा घडते, या वेळी होडीच्या अंगावर. शिवाय त्याचे वेल्डिंग आर्गॉन वायूच्या आडोशाने करणारा कसबी हात लागतो. तो शहरातल्या यार्डात मिळेल, खाडीच्या टोकाला मिळेलच असे नाही. सिमेंटच्या होड्या १८४८ पासून बांधल्या गेल्या आहेत, पण त्या जड असतात आणि आतली लोखंडी जाळी गंजली तरी कळत नाही, म्हणून त्या इथे सोडून देता येतात.

एकाच कामासाठी दोन शहाणी माणसे वेगळी सामग्री निवडू शकतात, याचे चांगले उदाहरण सुरुंग शोधणाऱ्या युद्धनौकांचे. चुंबकीय सुरुंगांमुळे तिथे पोलाद बाद. ब्रिटिशांनी १९७३ मध्ये फायबरची ‘विल्टन’ आरमारात दाखल केली. अमेरिकी आरमाराने त्यानंतर, १९८०च्या दशकात, ‘अॅव्हेंजर’ वर्गाच्या नौकांची अंगे ओक, डग्लस फर आणि अलास्कन सीडर यांची केली आणि वरून फायबरचे कवच दिले. पैशाची किंवा तंत्राची ददात नसलेल्या आरमाराने लाकूड निवडले, तेव्हा ‘लाकडाचे दिवस संपले’ असे म्हणणाऱ्यांनी निदान वर्ष तरी सांगावे.

फायबर कुठे निर्विवाद योग्य, तेही सांगितले पाहिजे. वाळूवरून रोज ढकलायची, आउटबोर्ड मशीनवर चालणारी, पाच-सात मीटरची होडी फायबरचीच असावी. तिचे अंग लहान असल्याने वाकण्याचा प्रश्न गौण राहतो, ती दररोज कोरडी होत असल्याने पाणी मुरायला वेळ मिळत नाही, एका साच्यातून शेकडो निघतात, आणि वाळूने तळ घासला तर मालक स्वतः चटई आणि रेझिनने तो भरून काढतो. तिथे लाकडाचा आग्रह धरणे हा नुसता हट्ट होईल. उलट, इंजिन पोटात असलेली, आठवडाभर समुद्रात राहणारी, बर्फाने पोट कायम ओले असणारी नौका केवळ अनुदानाच्या किंवा फॅशनच्या ओघात पातळ फायबरची करणे हा जुगार आहे.

शेवटचा मुद्दा त्या तडजोडीचा, जी किनाऱ्यावर सर्रास होते: जुन्या गळक्या लाकडी होडीला बाहेरून फायबरचा थर देणे. लाकूड आणि फायबर एकत्र नांदू शकतात. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेचे अंग सीडरच्या पट्ट्यांवर आतून-बाहेरून काच आणि इपॉक्सी चढवून केलेले आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. पण तिथले लाकूड नवे आणि कोरडे होते, दोन्ही बाजू बंद होत्या, आणि चिकटवणारे रेझिन इपॉक्सी होते. वीस वर्षे खारे पाणी प्यालेल्या फळ्यांवर, एकाच बाजूने, स्वस्त पॉलिएस्टरचा थर देणे ही वेगळीच गोष्ट आहे. पॉलिएस्टर लाकडाला धड चिकटत नाही, तेलकट सागाला तर त्याहूनही कमी. फळ्या ओलीने फुगतात आणि वाळल्या की आकसतात, थर हलत नाही, आणि दोघांमध्ये फट पडते. गळती काही काळ थांबते. बाहेरचे पाणी अडले तरी आतले, बर्फाचे आणि पावसाचे, फळीतून थरापर्यंत पोचते आणि तिथे अडकून राहते. खिळे गंजतात, फळ्या सडतात, आणि ज्या सुताराने हातोडीने वाजवून दोष सांगितला असता त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये आता एक चकचकीत भिंत उभी असते. अशा होडीवर खर्च करायचाच असेल तर तो आधी खिळे, सांधे आणि वाईट फळ्या बदलण्यावर करावा. तेवढे करण्याजोगी ती उरली नसेल, तर फायबरच्या थराने ती वाचणार नाही.